लढा थांबवायचा कोणी?

आमच्या आंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाला आणि तेथील वैद्यकीय महाविद्यालयाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. केज, धारूर, परळी या बाजूचा माणूस आजारी पडला म्हणजे त्याला येथे आणतात. मध्यंतरी माझ्या धाकट्या नातवाला ताप आला म्हणून आम्ही तेथे गेलो होतो. फाटकावरचे नाव वाचून त्याने मला विचारले, “आजोबा, हे स्वामी डॉक्टर होते का?” मी म्हणालो, “नाही रे, मास्तर होते.”

मास्तर होते हे अगदी खरे आहे. व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केल्यावर ते १९२९ साली उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, पुढे त्यांनी संन्यास घेतला आणि १९३५ साली ते आमच्या गावी आले. त्या वेळी सरकारदरबारी आंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद असे होते. येथील योगेश्वरी विद्यालयात त्यांनी तीन वर्षे मुलांना शिकविले आणि १९३८ साली शाळा सोडून ते राजकारणात उतरले. त्यानंतरचा त्यांचा इतिहास हा सगळ्या हैदराबाद संस्थानाचाच इतिहास आहे.

तो इतिहास येथे पुन्हा सांगावा असा माझा हेतू नाही. मला त्यातल्या एकाच गोष्टीविषयी लिहावयाचे आहे. लढे कसे सुरू झाले, पहिली तुकडी कोणाची, पहिली अटक कोणाला, हे आपल्या पुस्तकांत भरपूर सापडते. पण चालू असलेला लढा थांबवायचा केव्हा, थांबवायचा कोणी आणि त्यासाठी कोणाला विचारायचे, हा प्रश्न आला की लिहिणारे एका वाक्यात पुढे सरकतात. वास्तविक पक्ष फुटतात, मने दुरावतात ती पुष्कळदा याच प्रश्नावर. आमच्या घरात तर या प्रश्नाने दोन सख्ख्या भावांमध्ये चौतीस वर्षे अंतर पाडले. ते दोघे म्हणजे माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, आणि त्यांचे धाकटे बंधू तात्या.

हा प्रश्न केवळ आमचा आहे असेही नव्हे. २०२५ साली अमेरिकेत खर्चाची मंजुरी अडल्यामुळे केंद्र सरकारचा बराच कारभार १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस बंद पडला होता. आरोग्यविम्याच्या सवलती चालू राहाव्यात म्हणून डेमोक्रॅटिक पक्ष अडून बसला होता. इकडे सरकारी नोकर बिनपगारी झाले. अखेर त्या पक्षाच्या बाजूचे आठ सिनेटर समोरच्या पक्षाबरोबर मत देऊन मोकळे झाले. सवलती मिळाल्या नाहीत, त्यांवर मतदान घेण्याचे आश्वासन तेवढे मिळाले. मग पक्षात जो कलह माजला, तो वर्तमानपत्रांत वाचताना मला आमच्या ओट्यावरचीच भांडणे आठवत होती. कोणी म्हणत होते, गरीब माणसाचे हाल आणखी किती दिवस पाहायचे? कोणी म्हणत होते, एवढे सोसले ते हात हलवीत परतण्यासाठी काय? आणि दूरचे उदाहरण तरी कशाला हवे? १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौऱ्यानंतर गांधीजींनी बार्डोलीत असहकार थांबविला, तेव्हा तुरुंगात असलेले मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास किती संतापले होते! पुढल्याच वर्षाच्या आरंभी त्यांचा स्वराज्य पक्ष निघाला.

आता हैदराबादकडे वळू.

१९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुऱ्याच्या अधिवेशनात काँग्रेसने ठरविले की, संस्थानांतील लढे तेथील प्रजेने आपल्या बळावर आणि आपल्या संघटनेच्या नावाने लढवावेत. आमच्याकडे त्याआधीच १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली होती. आंध्र आणि कर्नाटकाच्याही परिषदा होत्या. त्या तिन्हींच्या कार्यकर्त्यांनी मिळून स्टेट काँग्रेस काढावयाचे ठरविले. परंतु संस्था जन्माला येण्यापूर्वीच, १९३८ च्या सप्टेंबरात, सर अकबर हैदरींच्या सरकारने ती बेकायदा ठरविली. साधी सभा भरवायची तरी गश्ती निशाण त्रेपन्नप्रमाणे आधी परवानगी काढावी लागे. तेथे राजकीय पक्षाची काय कथा! २४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानलांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी सत्याग्रहास निघाली. मागोमाग स्वामीजी गेले. आमचे तात्या त्या वेळी बावीस वर्षांचे होते. ते असेच एका तुकडीतून हैदराबादला गेले आणि पकडले गेले.

बरोबर दोन महिन्यांनी, २४ डिसेंबरला, गांधीजींच्या सल्ल्यावरून सत्याग्रह स्थगित झाला.

त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही लढे हैदराबादेत उभे राहिले होते. धार्मिक स्वातंत्र्याची त्यांची मागणी होती, आणि तिला आधार नव्हता असे मुळीच नाही. पण स्टेट काँग्रेसची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती, आणि ती मागणी हिंदूंइतकीच मुसलमान प्रजेच्याही हिताची आहे असे तिचे म्हणणे होते. तिन्ही लढे एकाच वेळी चालू राहिले तर त्यांतला भेद लोकांना दिसणार कसा? सरकार तर टपूनच बसले होते. हा सगळा जातीय दंगा आहे असे त्याला जगाला दाखवायचे होते. गांधीजींचे म्हणणे असे की, आपला लढा वेगळा आहे हे सिद्ध करण्यासाठी वेळप्रसंगी थांबावेही लागते.

पण थांबून मिळाले काय? बंदी उठली नाही. ती उठावयास १९४६ साल उजाडले. मधल्या काळात मवाळ मंडळींनी सरकारशी पुष्कळ बोलणी केली. संस्थेच्या नावातला ‘काँग्रेस’ हा शब्द गाळावा काय, येथवर गोष्ट आली, तरी सरकार बधले नाही. उलट आर्य समाजाने १९३८ च्या डिसेंबरातच लोकनायक अणे यांच्या अध्यक्षतेखाली सोलापूरला परिषद भरविली, १९३९ च्या जानेवारीपासून मोठा सत्याग्रह चालविला, आणि जुलैत सरकारने सुधारणा जाहीर केल्यावर ऑगस्टात तो थांबविला. म्हणजे जे थांबले त्यांच्या पदरी बंदी राहिली आणि जे लढत राहिले त्यांच्या पदरी काहीतरी पडले. तरुणांनी याचा अर्थ काय घ्यावा? त्याच हिवाळ्यात वंदे मातरम् गाण्यावरून विद्यापीठाने काढून टाकलेली मुले नागपूरची वाट धरीत होती, पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. या पिढीतले पुष्कळजण पुढे डावीकडे झुकले, त्याचे एक कारण या स्थगितीत आहे असे मला वाटते.

आमच्या घरात हा वाद तात्या सुटून आले त्या रात्रीच पेटला. माझ्या आत्याच्या तोंडून मी तो अनेकदा ऐकला आहे. सत्याग्रह थांबल्याची बातमी तात्यांना तुरुंगात एका पहारेकऱ्याने सांगितली होती आणि सांगताना तो हसला होता. ते हसणे तात्यांच्या मनातून कधी गेले नाही. जेवणाच्या पाटावर बसताच ते म्हणाले, “दादा, आम्ही आत बसलो होतो आणि लढा बाहेरच्या बाहेर मिटवून टाकला.” आबा मोमिनाबादच्या अदालतीत वकिली करीत. स्वभावाने शांत आणि मताने मवाळ. ते म्हणाले, “मिटला नाही रे, थांबला आहे. थांबला म्हणूनच उद्या मुसलमान शेजाऱ्याच्या दारात जाऊन त्याला आपली बाजू सांगता येईल.” तात्या पानावरून उठले. त्या दिवसापासून दोघांत कामापुरतेच बोलणे राहिले.

कोणाचे बरोबर होते? लहानपणी मला तात्यांचे पटे. आज मला आबांचे अधिक पटते, आणि ते का, हे पुढे येईलच. पण तात्यांचा राग केवळ तरुणपणाचा होता असे म्हणून तो बाजूला सारणे योग्य होणार नाही.

१९४० साली स्वामीजींनी मोजक्या सहकाऱ्यांसह वैयक्तिक सत्याग्रह केला आणि पुन्हा तुरुंग पत्करला. १९४६ साली बंदी उठली तेव्हा स्टेट काँग्रेसमध्ये दोन गट स्पष्ट दिसू लागले होते. एका बाजूला बुर्गुल रामकृष्णराव, काशिनाथराव वैद्य यांच्यासारखे अनुभवी वकील; दुसऱ्या बाजूला स्वामीजी आणि त्यांच्याबरोबर गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, आमचे बाबासाहेब परांजपे वगैरे मंडळी. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत स्वामीजी रामकृष्णरावांवर निसटत्या बहुमताने निवडून आले. पक्ष किती समसमान दुभंगला होता हे यावरून दिसते. १९४७ च्या जूनमध्ये हैदराबादला उघड अधिवेशन भरले, ७ ऑगस्टला भारतात सामील होण्यासाठीचा लढा जाहीर झाला आणि १५ ऑगस्टला तिरंगा फडकविल्यावर स्वामीजींना अटक झाली.

आणि मग आला २९ नोव्हेंबर १९४७ चा ‘जैसे थे’ करार. भारत सरकार आणि निजाम यांनी एक वर्षापुरती आहे ती स्थिती ठेवण्याचे मान्य केले. दुसऱ्या दिवशी स्वामीजी सुटले. आता प्रश्न उभा राहिला तो पुन्हा तोच. दिल्लीने सही केली आहे, तर लढा चालू ठेवायचा की आवरायचा? दिल्लीची अडचण खोटी नव्हती. फाळणीची आग विझली नव्हती, काश्मीरात सैन्य गुंतले होते. सबुरीने घ्यावे, वाटाघाटींना वाव द्यावा असे म्हणणारे लोक भित्रे होते असे मी म्हणणार नाही. लायक अली यांचे मंत्रिमंडळ आले तेव्हा काही हिंदू मंडळी त्यात सामील झाली, तीही सगळीच स्वार्थी होती असे नव्हे. आतून काही करता आले तर पाहावे असे काहींना प्रामाणिकपणे वाटले असेल. पण करार करणारे दिल्लीत आणि हैदराबादेत होते, अन् रझाकारांच्या लाठ्या खाणारी माणसे खेडोपाडी होती. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी शेजारच्या लातुरातलाच वकील. स्वामीजींनी निर्णय केला की लढा थांबणार नाही. १९४८ च्या जानेवारीत ते पुन्हा तुरुंगात गेले आणि पोलीस कारवाई होईपर्यंत तेथेच राहिले.

या वेळचा लढा १९३८ सारखा नव्हता. सरहद्दीपलीकडे नगर, सोलापूर, वऱ्हाड या भागांत कार्यकर्त्यांचे कँप पडले होते. तेथून येऊन करोडगिरीची नाकी उद्ध्वस्त करणे, सरकारी दप्तरे जाळणे, लेव्हीचे धान्य देऊ नका म्हणून गावोगाव सांगणे असे चालले होते. कित्येक पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे दिले. मुले शाळा सोडून गेली. आणि वकिलांनी अदालतींवर बहिष्कार टाकला. राज्ययंत्र चालू द्यायचे नाही असाच हा प्रयत्न होता. तात्या नगरच्या हद्दीतल्या एका कँपावर होते. आबांनी काळा कोट खुंटीला अडकविला आणि ते घरी बसले.

या बहिष्काराविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून मी येथे थोडा थांबतो. वकिलाने वकिली सोडली म्हणजे त्याची मिळकत बुडते, एवढेच आपल्या ध्यानात येते. आमच्या घरीही हाली रुपयाचे दर्शन दुर्मीळ झाले, माईने पाटल्या मोडल्या. पण खरा भुर्दंड पक्षकारावर पडतो. एके दिवशी केजेकडची एक बाई आमच्या ओट्याशी येऊन उभी राहिली. नाका जाळल्याच्या संशयावरून तिच्या मुलाला पकडले होते. मुलगा त्या रात्री घरीच होता असे सांगणारे साक्षीदार तिच्याजवळ होते. ती म्हणाली, “वकीलसाहेब, माझ्या पोराचं कोण बोलणार?”

आबा तीन रात्री झोपले नाहीत. दिवाणी कज्जे बंद राहिले तरी चालतील, पण ज्याचा जीव कोठडीत आहे त्याच्यासाठी तरी उभे राहण्यास हरकत नसावी असे त्यांना वाटले. त्यांनी कँपावर तात्यांना निरोप धाडून विचारले. तात्यांचे उत्तर आले, “एक वकील अदालतीत गेला की दुसरा जाईल, तिसरा जाईल. दादा, यावेळी तरी अर्ध्यावर थांबू नका.” असा कडक नियम कोणी केलेला होता असे नव्हे, ते तात्यांचे स्वतःचे मत होते. पण त्यातले ‘यावेळी तरी’ हे शब्द आबांना लागले. ते अदालतीत गेले नाहीत. तो मुलगा सप्टेंबरापर्यंत कोठडीतच राहिला. जिवंत सुटला, पण एका कानाने बहिरा होऊन. त्याच्या आईने आबांना पुढे कधी एका शब्दानेही दोष दिला नाही. मात्र बाजाराच्या दिवशी आमच्या घरावरून जाताना ती पुन्हा ओट्यावर टेकली नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्या वेळी मी तीन वर्षांचा होतो. कोणीतरी मला खांद्यावर घेतले होते आणि खाली खूप पागोटी दिसत होती, एवढेच मला आठवते. बहिष्कार थांबवायचा केव्हा, कोणत्या अटींवर, हे कोणाला ठरवावेच लागले नाही. सैन्य आले आणि तो आपोआप संपला.

आनंद झाला यात शंका नाही. पण ठरवून थांबविलेला लढा आणि आपोआप संपलेला लढा यांत फरक असतो. आता पुरे, आता हात आवरा, असे सांगणारा कोणी त्या चार-सहा आठवड्यांत खेडोपाडी नव्हता. रझाकारांचा सूड म्हणून ज्यांनी कधी काठीही उचलली नव्हती असे मुसलमान शेतकरी, विणकर, फकीर मारले गेले. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाहणीसाठी मंडळी पाठविली होती. त्यांच्या अहवालाने कारवाईत व त्यानंतर मृत्यू पावलेल्यांची संख्या किमान सत्तावीस ते चाळीस हजार धरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वांत अधिक संहार झाला होता. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही, आणि आमच्या भागातल्या मुक्तीच्या व्याख्यानांत त्याचा उल्लेख अजूनही क्वचितच होतो. १९३८ साली आबा ज्या शेजाऱ्याच्या दाराविषयी बोलत होते, ते दार आमच्या गल्लीत १९४८ च्या ऑक्टोबरात बंदच होते. त्याच्या घरची मंडळी कोठे गेली, ते आम्हाला कळले नाही. त्या वर्षी स्थगितीच्या बाजूने बोलणाऱ्यांना कशाची भीती वाटत होती, हे मला या दारापाशी समजले.

पुढे पक्षाचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. लढा संपला की नाही यावरच पुन्हा मतभेद झाले. निजाम गेला, आता कारभार करू या, असे एका बाजूचे म्हणणे. जमीन कसणाऱ्याला मिळाली नाही तोवर काय संपले, असे दुसऱ्या बाजूचे. गोविंदभाई, बाबासाहेब परांजपे आदी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली. स्वामीजी आत राहिले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीनंतर हैदराबादचे मुख्यमंत्री झाले ते बुर्गुल रामकृष्णराव, आणि विधानसभेचे सभापती झाले काशिनाथराव वैद्य. स्वामीजी गुलबर्ग्याहून लोकसभेवर गेले. आमच्या बीड जिल्ह्याने मात्र त्या निवडणुकीत काँग्रेसला बाजूला सारून पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे उमेदवार म्हणून उभे राहिलेल्या बाबासाहेब परांजप्यांना लोकसभेत पाठविले. एकाच शाळेत शिकविणारे दोन सहकारी संसदेत समोरासमोरच्या बाकांवर बसले. तात्यांनी बाबासाहेबांचा प्रचार केला, आबांनी काँग्रेसला मत दिले. दोघे एकाच बैलगाडीतून मतदानाला गेले आणि वाटेत पावसापाण्यावर बोलले, असे आत्या सांगे.

२२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजी वारले. बातमी आली त्या संध्याकाळी आबा ओट्यावर बसले होते. तात्या शेतावरून आले आणि न बोलता शेजारी बसले. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि दारातच उभा होतो, म्हणून पुढचे मी स्वतः ऐकलेले आहे.

बऱ्याच वेळाने तात्या म्हणाले, “दादा, अडतीस साली तुरुंगात येऊन कोणी मला विचारले असते ना, तर मी ‘थांबवा’ असेच म्हणालो असतो. मलाही आत बसून ते दिसत होते. पण कोणी विचारले नाही.”

आबांनी बोलायला पुष्कळ वेळ घेतला. मग म्हणाले, “तुझे खरे आहे. पण त्या केजेच्या बाईला तरी आपण कोठे विचारले?”

यापलीकडे त्या विषयावर दोघांत बोलणे झाले नाही. माईने कंदील आणून ठेवला आणि दोघेही आत जेवायला गेले. चौतीस वर्षांत प्रथमच एका पंक्तीला, शेजारी शेजारी.

थांबणे चूक की चालू ठेवणे चूक, याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. १९३८ साली थांबणे मला आज शहाणपणाचे वाटते, आणि १९४७ साली न थांबणेही. पण दोन्ही वेळा ज्यांनी किंमत मोजली त्यांच्यापर्यंत प्रश्न गेलाच नाही. एकदा तो तुरुंगाच्या भिंतीबाहेर राहिला आणि एकदा आमच्या ओट्याखाली उभा राहून परत गेला.

नातवाचा ताप दोन दिवसांत उतरला. घरी येताना त्याने पुन्हा विचारले, “आजोबा, मास्तरांचे नाव दवाखान्याला का दिले?” त्याला त्या वाटेवर जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. बाकीचे तो मोठा झाल्यावर वाचील, म्हणून येथे लिहून ठेवले आहे.